सोळावी मूठ

सातवीला घातांक शिकवायला घेतले की मी फळ्यावर आठ घेते, सत्तावीस घेते, चौसष्ट घेते. सोळा घेत नाही. पोरं काही आंधळी नसतात. परवा एकीनं विचारलंच, "मॅडम, मधला सोळा विसरल्या का?" मी तिला खाली बसायला सांगितलं. शहाद्याच्या आमच्या शाळेत मी तशीही तिरसट बाई म्हणूनच ओळखली जाते, त्यामुळे कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही.

माझं माहेर कोरीटचं. वडील हायस्कूलात गणित शिकवायचे. गाव त्यांना अप्पा म्हणायचा, म्हणून आम्हीही अप्पाच म्हणायचो. घरात सगळा कारभार अहिराणीत चाले. अप्पा रागवायचे तेही अहिराणीत. पण आकड्यांबद्दल बोलायला लागले की एकदम पुस्तकी मराठीवर येत, जणू शर्टाचं वरचं बटण लावून बसलेत. त्यांच्या तोंडी 'शे' जाऊन 'आहे' आलं की आम्ही भावंडं ओळखायचो, आता गणित येणार. भाऊ तेवढ्यात गोठ्याकडे पळे. मी बसून राही. मला दुसरं काही यायचंही नाही.

आमचा एक खेळ होता. समोर कुठलीही संख्या आली की ती घातात मांडायची. एसटी प्रकाशाच्या पुलावर आली की अप्पा पुढच्या ट्रकच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे वाचत. "एक्क्याऐंशी." मी म्हणे, "नऊचा वर्ग." "आणखी?" "तीनचा चौथा घात." चौसष्ट आली तर चैन असे: आठचा वर्ग, चारचा घन, दोनचा सहावा घात, सगळं सांगायचं. एक जरी राहिलं तरी पूल संपेपर्यंत बोलणं बंद. जी संख्या अशी मांडताच येत नाही तिला 'नाही' म्हणायचं. सव्वीस? नाही. पंधरा? नाही. एकदा मी शहाणपणा करून म्हटलं, "सव्वीसचा पहिला घात सव्वीस." अप्पा हसले. म्हणाले, "बरोबर आहे, पण ही पळवाट आहे. आरशात बघायचं आणि पाहुणा आला म्हणायचं." तेव्हापासून पहिला घात आमच्या खेळात बंद झाला.

सोळावर त्यांचा फार जीव. दोनचा चौथा घात सोळा आणि चारचा वर्गही सोळा. पाया वर गेला, घातांक खाली आला, तरी उत्तर तेच. दोन निराळ्या पूर्ण संख्यांत असं फक्त इथंच होतं, दुसरीकडे कुठं दाखव, म्हणायचे. मी पुष्कळ शोधलं. नाही सापडलं.

आता कानबाईचं सांगायला हवं. खानदेशात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. तिच्यासाठी आमच्या भाऊबंदकीत रोट करतात, जाडसर, गोड. त्याचे गहू कसे मोजायचे, तर कुळात जेवढे पुरुष, तेवढ्या मुठी. पाळण्यातलं पोरगं असलं तरी त्याच्या नावची सव्वा मूठ सुपात पडते. ते रोट भाऊबंदांनीच खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. उरलेले कानबाईला चालत नाहीत. लहानपणी मी मोजणी बघत बसले होते, आणि सगळी नावं संपली तरी माझं आलं नाही. मी अप्पांना विचारलं, "मन्ही मूठ?" बायका हसल्या. अप्पांनी मला बाजूला घेतलं, पाटीवर दोन काढला आणि त्याच्या खांद्यावर इवलासा चार. म्हणाले, "खालचा मोठा दिसतो, पण काम कोण करतं? हा वरचा चिमुकला. तू तो." माझं समाधान झालं. मुलींची समाधानं किती स्वस्तात व्हायची तेव्हा.

भावाला धाकटा मुलगा झाला त्या वर्षी आमच्या मुठी सोळा झाल्या. अप्पांचा आनंद नातवाचा किती आणि सोळाचा किती, सांगता येणार नाही. आलेल्या गेलेल्याला धरून ते सांगत, आपलं घर दोनचा चौथा घात झालं. लोक 'हो का' म्हणत आणि चहा पिऊन जात.

पुढच्याच हिवाळ्यात अप्पा सकाळी मोरीत पडले. नंदुरबारहून त्यांना सुरतेला नेलं. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. तिथले डॉक्टर म्हणाले, ऐकू येतं, पण समज किती उरली आहे ते आत्ताच सांगता येणार नाही. 'आत्ताच' हा शब्द फक्त मी ऐकला. घरच्यांनी उरलेलं वाक्य गाठीला बांधून आणलं.

अप्पांची खाट पुढच्या खोलीत टाकली. येणारा जाणारा तिथंच टेके. आधी लोक खाटेशी वाकून मोठ्यानं बोलत, बहिऱ्याशी बोलावं तसं. मग वाकणं संपलं. खाटेला पाठ करून लोक बोलू लागले, आणि त्यांच्याच पायाशी बसून म्हणत, "अप्पा चांगला मानूस व्हता." व्हता! मला शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी शहाद्याहून एसटीनं येई आणि असं काही कानावर आलं की भांडायलाच उठे. मोठमाय, म्हणजे अप्पांच्या थोरल्या भावाची विधवा, घरातली सगळ्यात जुनी बाई, मला समजावी. "पोरी, त्याले आते काय समजस? भिताडले सांगा नि त्याले सांगा, एकच."

मला ते पटत नव्हतं. भिंतीलाही कान असतात म्हणतात, आणि हा तर माझा बाप होता. मी त्यांची जुनी पाटी शोधून आणली, डाव्या हातात पेन्सिल दिली, पाटीवर चौसष्ट लिहून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मी एक्क्याऐंशी लिहिले. पंचवीस लिहिले, पहिलीच्या पोरानं सांगावे असे. ते वळले नाहीत. दारात उभा राहून भाऊ म्हणाला, "ताई, तुन्ही शाळा आठे बी चालू?" त्याचंही चूक नव्हतं. दर शनिवारी मी परीक्षा घेई आणि दर शनिवारी अप्पा कोरी पाटी देत. तरी ती पाटी मी खाटेखाली ठेवून जात असे. ते तिथं आहेत, एवढंच मला कुणाला तरी दाखवायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं.

मायला, म्हणजे आमच्या आईला, मात्र ते तिथं नकोच होते. हे मला उशिरा उमगलं. अप्पांना अंघोळ घालायची ती. ओल्या फडक्यानं अंग पुसता पुसता ती बोलत राही. एका रविवारी मी पलीकडच्या खोलीत डाळ निवडत होते आणि सगळं ऐकू येत होतं. "जिंदगी आकडास्मा गई तुमनी. मन्हासंगे कधी दोन शब्द बोलनात का?" मग फडकं पिळल्याचा आवाज. मग पुन्हा. सासूनं काय काय बोलून घेतलं आणि अप्पा कसे पेपर तपासत गप्प बसले. पहिलं मूल गेलं तेव्हा ते तिसऱ्या दिवशी शाळेत कसे निघून गेले. मला माहीतही नसलेल्या गोष्टी. सगळ्यांच्या शेवटी, फडकं दोरीवर टाकताना, ती म्हणाली, "देवा, यास्ले ने रे. नहीतर माले ने." आवाजात राग नव्हता. भाजी महाग झाली म्हणावं तसं म्हणाली. सगळा जन्म ज्या माणसाशी बोलता आलं नाही, तो आता पुढ्यात पडून होता आणि ऐकत नव्हता, म्हणून तिला बोलता येत होतं. मी डाळीत तोंड खुपसून बसले. मला तिचा राग आला नाही. रडू आलं.

श्रावण आला. कानबाईच्या आदल्या दिवशी मी कोरीटला पोचले तेव्हा पुढच्या खोलीत भाऊबंदकी जमली होती. अप्पांच्या खाटेजवळच कोरं सूप मांडलं होतं, शेजारी गव्हाची गोणी. मोजणार मोठमाय, दर वर्षीप्रमाणे. मी लग्न होऊन गेलेली लेक, तेव्हा उंबऱ्याशी बसले. मोठमाय नाव घेई, मूठ भरून सुपात टाकी, वर चिमूटभर पाव मूठ टाकी आणि पुढचं नाव घेई. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. पहिलं नाव अप्पांचं यायला हवं होतं, कारण हयात भावांत तेच मोठे. मोठमायनं धाकट्या काकांचं नाव घेतलं.

मला वाटलं, म्हातारी शेवटी घेईल. नावं पुढे सरकत राहिली. चुलतभाऊ झाले, भाऊ झाला, पोरं झाली. भावाच्या धाकट्याची मूठ पडली आणि मोठमायनं हात झटकले. "झायं," ती म्हणाली.

विसरली असती तर कुणीतरी आठवण केली असती. सगळ्यांना माहीत होतं. मी मायकडे पाहिलं. ती सुपाकडे बघत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण लेकीनं कुळाच्या मोजणीत तोंड घालायचं नाही हेही हाडात मुरलेलं होतं. मी उठायला लागले तेवढ्यात खाटेवर ठोकल्याचा आवाज झाला.

अप्पा डावा हात खाटेच्या लाकडी कडेवर आपटत होते. भावाला वाटलं पाणी हवं असेल. त्यानं पेला पुढे केला, तो त्यांनी ढकलला. पाणी सांडलं. हात खाली खाटेखाली चाचपू लागला. मी धावले आणि पाटी काढून दिली. पेन्सिल बोटांत बसवली. मी पाटी दोन्ही हातांनी धरली. त्यांनी एक वाकडातिकडा दोन काढला. मग हात उचलला, वर नेला, बराच वेळ वरच धरला आणि तिथं छोटा चार काढला.

चुलतभावानं माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं. "चोवीस लिखं अप्पानी."

"चोवीस?" मोठमाय म्हणाली. "चोवीस गडी आपला घरमा कुठे शेत?" मागं कुणीतरी हसलं.

"चोवीस नहीं," मी म्हटलं. "सोळा." "दोनचा चौथा घात. सोळा मुठी पाहिजेत. तुम्ही पंधरा टाकल्यात."

भावानं बोटांवर नावं मोजली. दोनदा मोजली. मग तो खाटेशी गुडघ्यावर बसला आणि लहान पोरासारखा अप्पांच्या छातीवर डोकं ठेवून रडायला लागला. मोठमाय हात जोडून म्हणत होती, "त्यान्हाघाई रोट खावास नहीं, उरी जाई, कानबाईले चालत नहीं, म्हनीसन..." ती खोटं बोलत नव्हती. पातळ पेजेवर असलेल्या माणसाचा रोट खाणार कोण आणि उरला तर देवीचा कोप कुणावर, हाच तिचा हिशेब होता. कुणीतरी म्हणालं, अप्पांच्याच हातानं मूठ टाकू दे. पण उजवा हात मेलेला आणि डाव्या हातानं देवीचं टाकत नाहीत. शेवटी मोठमायनंच टाकली. निम्मे गहू सुपाबाहेर पडले, ते पोरांनी दाणा दाणा वेचून आत टाकले.

मी जिंकले होते. कित्येक शनिवार जे दाखवायचं होतं ते सगळ्या भाऊबंदकीसमोर दिसलं होतं. मला नाचावंसं वाटत होतं. बायका पदरानं डोळे पुसत होत्या, चुलतभाऊ फोनवर कुणाला तरी ओरडून सांगत होता, "अप्पास्ले समदं समजस!" तेव्हा लक्षात आलं की माय खोलीत नाही.

ती मागे चुलीपाशी बसली होती. चूल विझलेली होती. मला बघून ती म्हणाली, "मंग मन्हं समदं बोलनं यास्ले समजे?"

अप्पांनी पंधरा मुठी मोजल्या, सोळावी कुणाची ते ओळखलं. मग फडक्यानं अंग पुसताना रोज ऐकलेलं त्यांना समजलं नसेल, असं कुठल्या तोंडानं सांगायचं? मी तिच्याशेजारी बसले. ती राखेत काडीनं रेघा मारत राहिली. मग म्हणाली, "तू इचार त्यास्ले. राग शे का म्हनीसन. तुमना आकडास्मा इचार."

"आकडास्मा असं इचारता येस नहीं, माय."

"मंग काय कामना तुमना आकडा?" ती म्हणाली. गणितात पदवी घेतली, पोरांना शिकवून पगार घेते, आणि तेवढंही विचारता येत नव्हतं.

मायनं अप्पांच्या वाटणीचा रोट दुधात कुस्करून दोन बोटं त्यांच्या ओठांना लावला. बाकीचा तिनं स्वतः खाल्ला, रोज थोडा थोडा, पौर्णिमेच्या आत. पण अंघोळ घालताना ती पुन्हा बोलली नाही. फडकं पिळल्याचा आवाज तेवढा यायचा.

बाकीच्यांचंही तसंच झालं. आधी नव्याचे नऊ दिवस. भावाची पोरं पाटी घेऊन येत, "अप्पा, नऊ लिखा, अप्पा, आठ लिखा." अप्पा भिंतीकडे वळत. मला तेव्हा कळलं की माझ्या शनिवारच्या परीक्षेलाही ते भिंतीकडे का वळायचे. जन्मभर दुसऱ्यांचे पेपर तपासलेला माणूस, त्याला पंचवीसचं वर्गमूळ विचारणारी मी कोण? कुणी मूठ चुकवली तेव्हा ते बोलले, कारण तेव्हा सांगण्यासारखं काही होतं. नऊ दिवस सरले आणि लोक त्या खोलीत बसेनासे झाले. खाटेला पाठ करून बोलण्याची सोय गेली होती. शेताच्या गोष्टी, सोयरिकीच्या, कुणाच्या सुनेच्या, सगळ्या मागच्या ओट्यावर गेल्या. पुढच्या खोलीत येताना माणसं आवाज गोड करीत, "कसं शे, अप्पा?" म्हणत आणि उठत. भिंत होते तोवर त्यांच्याभोवती घर तरी होतं. माणूस ठरले आणि एकटे पडले. मी शनिवारी येई तेव्हा खोलीत पंखा तेवढा फिरत असे. मी पाटी काढत नसे. नुसती बसे.

होळीच्या आधी अप्पा गेले. तेराव्याला जी गर्दी लोटली ती बघून, मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते आठवलं. जो तो सांगत होता की अप्पांना शेवटपर्यंत सगळं समजत होतं. माय तेवढी ऐकत नव्हती. पाटी मी शहाद्याला आणलेली नाही. ती कुठं आहे ते मी विचारलंही नाही.

यंदाच्या कानबाईला मोठमायला डोळ्यांनी दिसेना, म्हणून मोजायला माय बसली. मी उंबऱ्याशी. मायनं नावं घेतली, धाकट्या काकांपासून. मूठ आणि वर चिमूट, मूठ आणि वर चिमूट. भावाच्या धाकट्यापाशी संपलं. तिचा हात गोणीत परत गेला, मूठ भरून वर आला आणि तसाच थांबला. मग तिनं ती मूठ गोणीतच सोडली. सुपाकडे बघत तिनं मला विचारलं, "कितल्या झाल्यात?"

"पंधरा."

तिनं मान वर केली. आख्ख्या आयुष्यात तिनं कधी मला किंवा अप्पांना आकड्यातलं काही विचारलं नव्हतं. म्हणाली, "पंधराना काय व्हस?"

पंधरा कशाचा वर्ग नाही, कशाचा घन नाही. मांडायचीच तर एकच तऱ्हा: खाली पंधरा आणि त्याच्या खांद्यावर चिमुकला एक. अप्पांनी बंद केलेली पळवाट. तिथं तो वरचा आकडा काही काम करीत नाही, असला काय नि नसला काय, पंधराचे पंधराच राहतात. आणि वरचा चिमुकला आकडा म्हणजे मी, असं ते मला म्हणाले होते.

"काही व्हत नहीं, माय," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि सूप उचलून ती दळायला द्यायला निघाली.